वनस्पतिजन्य उत्तेजके आणि शर्यतीच्या चालकाचे अवधान : एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयाची व्याप्ती

मोटारशर्यतीचा इतिहास आजवर मुख्यतः यंत्राचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. इंजिनाची शक्ती, गाडीची बांधणी, टायरांचे प्रकार, वेगाचे उच्चांक यांची तपशीलवार नोंद ग्रंथांतून सापडते. परंतु हे यंत्र तासनतास एका मनुष्याच्या डोळ्यांवर, हातांवर व निर्णयशक्तीवर अवलंबून असते, आणि तो मनुष्य थकतो, या साध्या गोष्टीची दखल इतिहासकारांनी जाता जाताच घेतलेली दिसते. चालकाची श्रांती हा विषय एकतर पराक्रमाच्या कथांत विरून गेला आहे, किंवा अलीकडे औषधी वनस्पतींच्या अर्कांची जाहिरात करणाऱ्यांच्या हाती गेला आहे.

बाजारात आज ब्राह्मी, अश्वगंधा, जिन्सेंग, गिंको, ग्वाराना इत्यादी वनस्पतींची पूरक द्रव्ये ‘एकाग्रता वाढविणारी’ म्हणून विकली जातात, आणि त्यांच्या ग्राहकांत मोटारशर्यतीतील तरुण चालकही असतात. या द्रव्यांच्या मागे जो विचार उभा आहे तो मात्र नवा नाही. वनस्पतीच्या अर्काने मनाची श्रांती घालविता येईल, ही आशा मोटारीपेक्षाही जुनी आहे. तिचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतील प्रवास पाहणे आणि त्यातून काही निष्कर्ष निघतो काय ते तपासणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. या इतिहासाच्या मुळाशी एक प्रश्न आहे : श्रांती ही दडपून टाकावयाची पीडा आहे, की ऐकून घ्यावयाची सूचना आहे? या प्रश्नाचे जे उत्तर ज्या काळी प्रमाण मानले गेले, त्यावर चालकाचे व रस्त्यावरील इतरांचे प्राण अवलंबून राहिले आहेत.

२. लव्हासोरची रात्र आणि कोला-कोकाचे युग

११ जून १८९५ रोजी पॅरिस–बोर्दो–पॅरिस ही शर्यत सुरू झाली. अंतर सुमारे ११७८ किलोमीटर होते. एमिल लव्हासोर हा बावन्न वर्षांचा अभियंता आपल्या कंपनीची गाडी घेऊन उतरला होता. वाटेत रुफेक या गावी बदली चालकाने गाडी ताब्यात घ्यावी असे ठरले होते. परंतु लव्हासोर अपेक्षेपेक्षा फार लवकर, भर रात्री तेथे पोहोचला. बदली चालक झोपेत होता. त्याची वाट न पाहता लव्हासोर पुढे निघाला आणि ४८ तास ४८ मिनिटांनी पॅरिसला परतला. सरासरी वेग ताशी सुमारे २४ किलोमीटर होता. दोन आसनांची गाडी नियमात बसत नसल्यामुळे पहिले पारितोषिक त्याला मिळाले नाही, परंतु कीर्ती त्याचीच झाली. पुढे पॅरिसमध्ये त्याचे शिल्पस्मारक उभारण्यात आले.

या प्रसंगाकडे आजवर मनोधैर्याचा नमुना म्हणून पाहिले गेले. ऐतिहासिक दृष्टीने त्यातील अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, बदली चालकाची योजना शर्यतीच्या पहिल्या दिवसांपासूनच अस्तित्वात होती आणि ती मोडणे हा दोष न ठरता गौरव ठरला. श्रांतीवर मात करणे हेच पौरुष, ही त्या काळाची धारणा होती.

त्या धारणेला त्याच काळात वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र यांचा आधार मिळू लागला होता. १८१९ साली फ्रीडलीब रुंग याने कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे केले होते. १८६० साली आल्बर्ट नीमान याने कोकाच्या पानांतून कोकेन वेगळे केले, आणि १८६३ साली आंजेलो मारियानी याने कोकाच्या पानांचे मद्य विक्रीस आणले. पश्चिम आफ्रिकेतील कोला या बीचे रासायनिक पृथक्करण १८८३ च्या सुमारास एद्वार हेकेल व त्याचा सहकारी श्लागडेनहाउफेन यांनी प्रसिद्ध केले, आणि थोड्याच काळात कोलायुक्त पदार्थ फ्रान्समधील सैनिक व सायकलपटू यांच्यापर्यंत पोहोचले. कोकाचे पान चघळून अँडीज पर्वतातील लोक विरळ हवेत लांबचा प्रवास करतात, हे युरोपीय प्रवाशांनी फार पूर्वीच लिहून ठेवले होते. तो अनुभव आता बाटलीत भरून शहरांत विकला जाऊ लागला.

१८८४ साली सिगमुंड फ्रॉइड याने कोकावर निबंध लिहिला आणि पुढच्या वर्षी स्वतःवर कोकेनचा प्रयोग करून स्नायूंचे बळ व प्रतिक्रियाकाल मोजले. दोन्हींत सुधारणा दिसली. परंतु ही सुधारणा स्नायूंवरील प्रत्यक्ष परिणामामुळे नसून प्रसन्नतेच्या सर्वसाधारण भावनेमुळे होत असावी, असे त्याने स्वतःच नमूद केले. हे निरीक्षण पुढील सर्व इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे आहे. कामगिरी सुधारली, की कामगिरी सुधारल्याची भावना सुधारली, हा भेद येथे प्रथमच, जवळजवळ नकळत, व्यक्त झाला.

३. प्रमाणाचा प्रश्न

श्रांतीचे मापन करता येईल हा विचार रूढ करण्याचे श्रेय तुरिनच्या आंजेलो मोसो याच्याकडे जाते. त्याने बोटाच्या आकुंचनाची नोंद करणारे एर्गोग्राफ हे उपकरण तयार केले आणि १८९१ साली श्रांतीवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित केला. हे उपकरण हाती येताच कोला, कोका, कॉफी, मद्य यांच्या गुणांची ‘सिद्धता’ करणारे प्रयोग ठिकठिकाणी सुरू झाले.

या प्रयोगांतील उणीव डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स याने दाखवून दिली. केंब्रिज येथे वेबर या सहकाऱ्याच्या साहाय्याने त्याने कॅफीनचे प्रयोग केले व १९०७ साली ते प्रसिद्ध केले. १९०८ साली त्याचा मद्य व इतर द्रव्यांच्या श्रांतीवरील परिणामांविषयीचा ग्रंथ आला. आपण उत्तेजक घेतले आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याची उमेद त्या ज्ञानानेच वाढते, हे त्याने ओळखले होते. म्हणून चवीवरून ओळखता येणार नाही असे निष्क्रिय मिश्रण काही दिवस व द्रव्ययुक्त मिश्रण काही दिवस, अशी योजना त्याने केली. आज ही पद्धती प्रत्येक औषधपरीक्षेत गृहीत धरली जाते. त्या काळी ती नवीन होती. तिच्यामुळे पूर्वीचे बरेच उत्साही निष्कर्ष संशयास्पद ठरले. कॅफीनचा परिणाम मात्र या चाळणीतूनही टिकला.

दुसरा महत्त्वाचा प्रयोग एका खटल्यामुळे घडला. कोकाचे पान व कोलाचे बी यांच्या नावांवरून ज्याचे नाव पडले ते कोका-कोला हे पेय १८८६ साली अटलांटा येथे निघाले होते. त्यातील कोकेन विसाव्या शतकाच्या आरंभी काढून टाकण्यात आले. १९०९ साली अमेरिकन सरकारने त्यातील कॅफीन आरोग्यास अपायकारक आहे असे म्हणून माल जप्त केला, आणि १९११ साली चॅटनूगा येथे खटला उभा राहिला. कंपनीने हॅरी हॉलिंगवर्थ या तरुण मानसशास्त्रज्ञाकडे कॅफीनच्या मानसिक परिणामांची परीक्षा सोपविली. कंपनीच्या पैशाने होणाऱ्या संशोधनावर पक्षपाताचा संशय येणार हे जाणून हॉलिंगवर्थने विशेष काळजी घेतली. सोळा व्यक्तींना कित्येक आठवडे कधी कॅफीन तर कधी दुग्धशर्करा दिली, आणि कोणत्या दिवशी काय दिले हे घेणारालाही व मापन करणारालाही कळू दिले नाही. पत्नी लीटा हिने प्रत्यक्ष मापनाचे काम सांभाळले. हालचालींची चपळता लवकर वाढते पण लवकरच ओसरते. विचाराच्या कामांतील सुधारणा उशिरा येते पण अधिक काळ टिकते. मात्रा मोठी झाली तर हात स्थिर राहत नाही व झोप बिघडते, असे त्याचे निष्कर्ष होते. १९१२ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

मोटारचालकाच्या दृष्टीने या निष्कर्षांचे महत्त्व उघड आहे. चपळता वाढविणारे द्रव्य अधिक घेतले तर ज्या हाताने सुकाणूचक्र धरावयाचे तोच कापू लागतो. वनस्पतीच्या गुणाचा प्रश्न येथून पुढे मात्रेचा प्रश्न झाला. आणि मात्रा ठरविणे म्हणजे वनस्पतीतील द्रव्य वेगळे काढून मोजणे.

४. वनस्पतीकडून गोळीकडे

द्रव्य वेगळे काढण्याची ही प्रक्रिया कोठवर जाऊ शकते याचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे मा हुआंग ही चिनी वनस्पती. चिनी वैद्यकात ती शतकानुशतके दमा व ताप यांवर वापरात होती. १८८५ साली नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने तिच्यातून एफेड्रीन वेगळे केले, आणि १८९३ साली त्याच एफेड्रीनपासून मेथॅम्फेटामीन तयार केले. या कामाकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९२४ साली पेकिंग येथे चेन व श्मिट यांनी एफेड्रीनचे गुणधर्म नव्याने प्रसिद्ध केल्यावर पाश्चात्त्य वैद्यकात त्याची मागणी एकदम वाढली. वनस्पती चीनमधून आणावी लागे. म्हणून गॉर्डन अ‍ॅलेस याने कॅलिफोर्नियात कृत्रिम पर्यायाचा शोध सुरू केला आणि १९२९ साली अ‍ॅम्फेटामीनचा परिणाम स्वतःवर आजमावला. हे संयुग खरे तर १८८७ सालीच बर्लिन येथे लाझार एदेलेआनू याने तयार करून ठेवले होते. पुढे ते बेन्झेड्रीन या नावाने बाजारात आले. जर्मनीत १९३८ साली मेथॅम्फेटामीन पर्व्हिटिन या नावाने विकले जाऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धात या दोन्ही गोळ्या सैनिक, वैमानिक व वाहनचालक यांना जागे ठेवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर दिल्या गेल्या. त्याच युद्धात श्रांतीच्या मानसशास्त्राचा सर्वांत महत्त्वाचा अध्याय लिहिला गेला. केंब्रिज येथे केनेथ क्रेक याने विमानाच्या चालककक्षाची प्रतिकृती उभारली, आणि वैमानिकांना तिच्यात दीर्घकाळ बसवून त्यांच्या कामाचे निरीक्षण करण्यात आले. फ्रेडरिक बार्टलेट याने १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात या निरीक्षणांचा अर्थ सांगितला. थकलेला कुशल मनुष्य काम थांबवीत नाही, तो कामाचा दर्जा खाली आणतो. पूर्वी जी चूक त्याला खटकली असती ती आता तो चालवून घेतो. कडेच्या मापकांकडे, उदाहरणार्थ इंधनाच्या काट्याकडे, पाहणे सोडून देतो. आणि आपले काम पूर्वीइतकेच, किंबहुना अधिक चांगले होत आहे असे त्याला वाटते.

नॉर्मन मॅकवर्थ याने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका घड्याळासारख्या उपकरणाचा काटा टक लावून पाहावयास सांगितले होते. पहिल्या अर्ध्या तासानंतरच दुर्मीळ संकेत ओळखण्याची क्षमता घसरते असे त्याला दिसले. बेन्झेड्रीन दिल्यास ही घसरण टळते, असेही त्याने दाखविले. म्हणजे गोळीचा परिणाम खोटा नव्हता. परंतु बार्टलेटच्या निष्कर्षाशेजारी तो ठेवला म्हणजे खरा धोका कळतो. श्रांत मनुष्याची स्वतःविषयीची पारख आधीच बिघडलेली असते. उत्तेजक त्या पारखीला सुधारीत नाही, उलट तिच्यात आत्मविश्वासाची भर घालते.

५. अँडीज, ब्रेशिया आणि ल मां

युद्धोत्तर मोटारशर्यतीत हे सर्व प्रवाह एकत्र आले. हुआन मान्युएल फांजियो हा अर्जेंटिनाचा चालक, पुढे पाच वेळा जगज्जेता झालेला, लांब पल्ल्याच्या रस्ताशर्यतींत तयार झाला होता. १९४० साली ब्युनोस आयरेस ते लिमा व परत अशी सुमारे साडेनऊ हजार किलोमीटरची शर्यत त्याने जिंकली. तिचा मार्ग अँडीजमधील, कोका चघळण्याची प्राचीन प्रथा असलेल्या उंच प्रदेशातून जात होता. १९४८ साली ब्युनोस आयरेस ते काराकास या शर्यतीत पेरूमध्ये त्याची गाडी रस्ता सोडून गेली व त्याचा सहचालक दानिएल उरुतिया मृत्युमुखी पडला. दिवसेंदिवस रात्रीचे रात्रीस जोडून चालणाऱ्या या शर्यतींनी मनुष्याच्या सहनशक्तीची जी परीक्षा घेतली, तिची किंमत अशा रीतीने मोजली गेली.

१ मे १९५५ रोजी इटलीतील ब्रेशिया येथून मिल्ले मिल्या ही हजार मैलांची शर्यत निघाली. स्टर्लिंग मॉस याने ती १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत, ताशी सुमारे १५७ किलोमीटर सरासरीने जिंकली. एकट्याने गाडी चालविणारा फांजियो सुमारे अर्ध्या तासाने मागे दुसरा आला. शर्यतीपूर्वी फांजियोने आपणास एक गोळी दिली होती व ती आपण घेतली, असे मॉसने पुढे स्वतःच सांगितले आहे. त्या काळी अशा गोळ्यांवर मोटारशर्यतीत बंदी नव्हती, आणि लांबच्या शर्यतींत त्या जागे राहण्यासाठी सर्रास घेतल्या जात. ही ‘फांजियोची गोळी’ अँडीजमधील कोकाची होती, अशी आख्यायिका पुढे पसरली. पर्वतातील गूढ वनस्पती व अजिंक्य चालक यांची जोडी वाचकांना मोहविणारी असल्यामुळे ती टिकून राहिली, एवढेच तिच्याविषयी म्हणता येईल.

या आख्यायिकेने मात्र एक अधिक महत्त्वाची वस्तू झाकोळली. मॉसच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन हा पत्रकार बसला होता. दोघांनी आधी मार्गाची अनेकदा पाहणी करून प्रत्येक वळण, चढ व धोक्याची जागा टिपून घेतली होती. ही टिपणे सुमारे १८ फूट लांबीच्या कागदाच्या पट्टीवर उतरवून ती एका छोट्या पेटीतील दोन रुळांवर गुंडाळली होती. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे. म्हणून जेंकिन्सन पट्टी पुढे सरकवीत हातांच्या ठरलेल्या खुणांनी पुढील वळण सांगत होता. हजार मैलांचा रस्ता लक्षात ठेवण्याचा भार मॉसच्या मनावरून कागदावर आला होता. न दिसणाऱ्या चढापलीकडे पूर्ण वेगाने जाण्याचा निर्णय तो घेऊ शकला तो या पट्टीच्या आधारावर. त्या दिवशी मानसिक कार्यक्षमतेत सर्वांत मोठी भर कोणी घातली असेल, तर ती त्या कागदाच्या पट्टीने घातली, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे रॅलीशर्यतींतून मार्गटिपणे वाचणारा सहचालक अपरिहार्य झाला, हे या मताला पोषकच आहे.

याच दशकातील दुसरे उदाहरण ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीचे. १९२३ पासून सुरू असलेल्या या शर्यतीत दोन चालकांची योजना असूनही एकट्याने चालविण्याचा मोह टिकून होता. १९५० साली लुई रोझिए याने बहुतेक सर्व वेळ स्वतः चालवून शर्यत जिंकली. मुलाच्या हाती त्याने गाडी दिली ती केवळ दोन फेऱ्यांपुरती. त्याच वर्षी एडी हॉल या इंग्रज चालकाने पूर्ण चोवीस तास एकट्याने गाडी हाकली. १९५२ साली पिएर लव्हेग हा टाल्बो गाडी घेऊन सहचालकास जागा न देता जवळजवळ तेवीस तास चालवीत राहिला. तो चांगल्या अंतराने पुढे होता. अखेरच्या टप्प्यात इंजिन मोडले आणि विजय मर्सिडीजच्या गाडीकडे गेला. थकलेल्या लव्हेगने चुकीचा गिअर टाकला, हे एक स्पष्टीकरण. इंजिनात दोष आधीच उत्पन्न झाला होता आणि तो सांभाळून नेण्यासाठीच आपण गाडी दुसऱ्याकडे दिली नाही, ही लव्हेगची स्वतःची बाजू. यांपैकी कोणतेही स्वीकारले, तरी तेविसाव्या तासाला एका मनुष्याच्या पारखीवर सर्व भार ठेवण्यातील धोका उघडा पडला होता.

याचा परिणाम नियमांवर झाला. पन्नाशीच्या दशकातच एका चालकाने सलग व एकूण किती वेळ चालवावे यावर मर्यादा आल्या. आज ल मां येथे कोणताही चालक सहा तासांच्या अवधीत चार तासांहून अधिक व संपूर्ण शर्यतीत चौदा तासांहून अधिक काळ गाडी चालवू शकत नाही, आणि प्रत्येक गाडीस तीन चालक असतात. १८९५ साली लव्हासोरने ज्या बदली चालकाला झोपू दिले, त्याला नियमाने जागे करावयास अर्धे शतक लागले.

६. पूरक द्रव्यांचा आजचा काळ

१३ जुलै १९६७ रोजी फ्रान्सच्या सायकलशर्यतीत व्हाँटू पर्वतावर टॉम सिम्पसन याचा मृत्यू झाला. त्याच्या शरीरात अ‍ॅम्फेटामीन आढळले. त्यानंतर क्रीडाक्षेत्रात उत्तेजकांची तपासणी हळूहळू रूढ झाली. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे नियमही आज जागतिक उत्तेजकविरोधी संहितेस धरून आहेत. २०१४ साली पुत्रजया येथील विजेवरील मोटारींच्या शर्यतीनंतर एका चालकाच्या तपासणीत कोकेनचे अवशेष सापडले व त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. मारियानीच्या मद्यातून एकेकाळी प्रतिष्ठितांच्या मेजावर आलेले पान दीड शतकात अपराध ठरले.

गोळी निषिद्ध झाली तेव्हा वनस्पतीचे आकर्षण पुन्हा वाढले. तिला नवी परिभाषाही मिळाली. १९४७ साली सोव्हिएट संशोधक निकोलाय लाझारेव याने शरीराची सर्वसाधारण प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या द्रव्यांसाठी ‘अ‍ॅडाप्टोजेन’ हा शब्द योजला, आणि इस्राएल ब्रेखमान याने जिन्सेंग व एल्युथेरोकोकस यांच्या संदर्भात तो प्रसृत केला. १९६९ साली ब्रेखमान व दार्दिमोव यांचा आढावा इंग्रजीत प्रसिद्ध झाला. १९९४ साली अमेरिकेत पूरक आहारद्रव्यांचा स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार असे द्रव्य विक्रीस आणण्यापूर्वी त्याची परिणामकारकता सरकारपुढे सिद्ध करण्याचे बंधन उत्पादकावर राहिले नाही. मा हुआंग या वाटेने पुन्हा बाजारात आली. हृदयविकार व मृत्यू यांच्या तक्रारी वाढल्यावर २००४ साली अमेरिकन सरकारला एफेड्रायुक्त पूरक द्रव्यांवर बंदी घालावी लागली. त्याच वर्षापासून कॅफीन मात्र क्रीडाक्षेत्रातील निषिद्ध द्रव्यांच्या यादीतून वगळण्यात आले. मोटारशर्यतीशी कॅफीनचा संबंध आता व्यापाराचाही आहे. १९८७ साली ऑस्ट्रियात निघालेल्या एका पेयाच्या नावाचा संघ २००५ पासून फॉर्म्युला वन शर्यतीत धावतो. त्या पेयाच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात ८० मिलिग्रॅम कॅफीन असते. ब्राझीलमधील ग्वारानाच्या बियांतील ‘ग्वारानीन’ हेही रासायनिक दृष्ट्या कॅफीनच होय. नाव वनस्पतीचे, परिणाम कॅफीनचा, अशी स्थिती अनेक मिश्रणांत आढळते.

भारतीय परंपरेतील द्रव्यांचा विचार येथे वेगळा केला पाहिजे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. रसायन ही तेथे दीर्घकाळ, पथ्य व आचार सांभाळून घ्यावयाची गोष्ट आहे. शर्यतीपूर्वी घोटभर घेऊन तात्काळ चपळता आणणे हा तिचा हेतूच नव्हे. ‘ब्राह्मी’ या एका नावाखाली मंडूकपर्णी व जलब्राह्मी या दोन भिन्न वनस्पती ओळखल्या जातात, ही अडचण संशोधकाने लक्षात घेतली पाहिजे. ऑस्ट्रेलियात जलब्राह्मीच्या अर्काची निरोगी व्यक्तींवर घेतलेली व २००१ साली प्रसिद्ध झालेली परीक्षा आशादायक होती. परंतु ते परिणाम बारा आठवड्यांच्या सेवनानंतरचे व मुख्यतः शिकणे-आठवणे यांविषयीचे होते. ताशी तीनशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतील अवधानाशी त्यांचा संबंध जोडणे हा स्वतंत्र सिद्धतेचा विषय आहे. गिंकोच्या बाबतीत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर अनेक वर्षे चाललेली अमेरिकन परीक्षा २००८ साली प्रसिद्ध झाली. स्मृतिभ्रंश टाळण्यास गिंको उपयोगी पडत नाही असा तिचा निष्कर्ष निघाला.

याशिवाय शुद्धतेचा प्रश्न आहे. तेरा देशांतून विकत घेतलेल्या ६३४ पूरक द्रव्यांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ९४ द्रव्यांत वेष्टनावर न लिहिलेली, निषिद्ध स्टिरॉइडवर्गीय द्रव्ये आढळली. चालकाच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी चालकाची, हे उत्तेजकविरोधी नियमांचे मूलतत्त्व असल्यामुळे वेष्टनावरील वनस्पतीचे चित्र त्याच्या बचावास येत नाही.

७. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ज्या वनस्पतींचा मनाच्या जागृतीवर तात्काळ परिणाम निर्विवाद सिद्ध झाला, त्यांचा गुण अखेर एखाद्या विशिष्ट अल्कलॉइडमध्ये सापडला. आणि तो सापडल्यावर ते द्रव्य मात्रेच्या, कायद्याच्या किंवा निषेधाच्या कक्षेत गेले. ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाने सुरक्षितता सूचित होते असे मानण्यास इतिहासाचा आधार नाही. दुसरी, रिव्हर्सपासून आजपर्यंतच्या प्रयोगांनी दाखविले आहे की घेणाराची स्वतःची प्रचीती हे पुराव्याचे सर्वांत दुबळे रूप होय, आणि थकलेल्या मनुष्याच्या बाबतीत तर ते धोक्याचे आहे. तिसरी, चालकाच्या मनाला खरी मदत ज्यांनी केली ते उपाय बहुधा मनाबाहेरचे होते : जेंकिन्सनची पट्टी, बदली चालक, तासांची मर्यादा, पाण्याची सोय. चालककक्षातील उष्णता पन्नास अंशांपर्यंत जाते आणि एका शर्यतीत चालकाचे वजन घामावाटे दोन-तीन किलोग्रॅमने घटू शकते, हे ध्यानात घेतले तर शेवटचा उपाय किरकोळ वाटणार नाही.

कॅफीनसुद्धा याला अपवाद नाही. इंग्लंडमध्ये हॉर्न व रेनर यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत झोपाळू चालकांना कृत्रिम चालनयंत्रावर बसविले होते. मध्यंतरीच्या विश्रांतीत दीडशे मिलिग्रॅम कॅफीन दिल्याने, किंवा पंधरा मिनिटांहून कमी अशी डुलकी काढू दिल्याने, त्यांच्या चुका स्पष्टपणे कमी झाल्या. निष्क्रिय पेयाने तसे झाले नाही. शंभर वर्षांच्या रसायनशास्त्रातून सर्वांत खात्रीचे म्हणून उरलेले द्रव्य आणि पाव तासाची डुलकी एका पंक्तीस बसली, हा निष्कर्ष संशोधकांनी मनन करण्याजोगा आहे.

या विषयाचे महत्त्व शर्यतीच्या मैदानापुरते नाही. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने चालकाच्या कामाची मर्यादा दिवसास आठ तास व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास अशी ठरविली. लव्हेगच्या पराभवानंतर शर्यतीच्या नियमांनी जे तत्त्व स्वीकारले, तेच या कायद्याच्या मुळाशी आहे : श्रांती ही चालकाची उणीव नसून त्याच्या शरीराने दिलेली सूचना आहे, आणि ती ऐकण्याची जबाबदारी त्याच्या एकट्यावर टाकता येत नाही. घाटातून रात्री मालमोटार हाकणाऱ्या आपल्याकडील चालकांच्या बाबतीत हे तत्त्व कागदावर किती व रस्त्यावर किती उतरले आहे, आणि टपरीवरील चहापासून पुड्यांतील चूर्णापर्यंतची द्रव्ये त्या अंतरात कोणते काम करतात, याचा पद्धतशीर इतिहास लिहिण्याजोगा आहे. त्यासाठी लागणारी साधने परदेशी शर्यतींच्या दप्तरांत नाहीत. ती आपल्या वाहतूकसंघांच्या नोंदवह्यांत, अपघातांच्या पंचनाम्यांत आणि खुद्द चालकांच्या सांगण्यात आहेत.